जीपचे दिवे बदलण्याआधी वायर तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घाटवाटांवर फोर बाय फोर जीपा घेऊन जाणाऱ्या तरुणांवर पानभर मजकूर आला होता. मजकूर चांगला होता. सोबत रात्रीचा एक फोटो होता. चढावर उभी जीप, टपावर लांबलचक एलईडी बार, बंपरवर चार दिवे, हेडलाइट पांढरेशुभ्र आणि सगळं एकाच वेळी चालू. त्याच आठवड्यात माझ्या दुकानात तीन जण आले. तिघांच्याही मोबाइलमध्ये तोच फोटो आणि तिघांचंही म्हणणं एकच, "असं करून द्या." मी तिघांनाही नाही म्हणालो. कारण सांगायला लागलो, पण गिऱ्हाईक उभं असताना सगळं सांगून होत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची मला कल्पना आहे. कापायचंच झालं तर कायद्याच्या कलमांचा भाग कापा, पण भिंतीवर दिव्याचा कोन लावण्याचा भाग ठेवा, एवढी विनंती.

मी भोरमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. आमच्याकडे मला वायरमन म्हणतात. १९९६ साली वस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा कामाला येणाऱ्या गाड्या म्हणजे बहुतेक वडापच्या जीपा. दिवसभर हिर्डोशी, आंबवडे भागात माणसं भरून फिरायच्या आणि दिवेलागणीला दुकानासमोर येऊन उभ्या राहायच्या. तक्रार ठरलेली, "लाइट पडत नाही." आता वडाप कमी झालं. त्याच भागातल्या वरंधा घाटात आता पुण्याची मुलं येतात, त्यांच्या जीपा नव्या आहेत, टायर मोठे आहेत, पण तक्रार तीच आहे. आणि ती खोटी नाही. वरंधा घाटात पावसाळी रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. काळा ओला डांबरी रस्ता सगळा उजेड पिऊन टाकतो, पांढरा पट्टा कुठे असतो कुठे नसतो, वळणावर दरडीचा दगड येऊन पडलेला असतो. चांगला उजेड हवा ही चैन नाही. मी त्या मुलांच्या विरोधात लिहीत नाही.

मी लिहितो आहे ते माझ्या दाजींमुळे. गेल्या मार्गशीर्षात पहाटे साडेचारच्या सुमाराला ते मोटारसायकलला दुधाच्या दोन किटल्या लावून डेअरीकडे निघाले होते. समोरून पाच-सहा जीपा आल्या. पहिल्या जीपच्या टपावरचा बार चालू होता. दाजी सांगतात, "रस्ताच गेला. डाव्या हाताला जमीन आहे का नाही तेच कळंना." त्यांनी शहाण्या माणसासारखा वेग कमी केला आणि गाडी डावीकडे घेतली. तिथे ओढ्याची मोरी होती आणि मोरीला कठडा नव्हता. खांद्याचं हाड मोडलं. दूध ओढ्यात गेलं. मागून उसाची ट्रॉली येत होती, तिच्या ड्रायव्हरने त्यांना वर काढलं. जीपा निघून गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या मागे काय झालं हे त्यांना समजलंही नसेल.

दवाखान्यात दाजींच्या उशाशी बसलो होतो आणि डोक्यात दुसराच हिशोब चालू होता. असे बार मी स्वतः किती बसवले? घरी येऊन वही काढली. चार वर्षांत एकतीस. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घातलेल्या गाड्या वेगळ्या, त्यांची तर नोंदही ठेवली नव्हती. त्या एकतिसातली एखादी जीप त्या पहाटे तिथे होती का, हे मला कधीच कळणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १०६ वा नियम मी पासिंगच्या कामामुळे ऐकून होतो, पण नीट वाचला तो त्यानंतर. त्यात माप दिलेलं आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला तो दिवा दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची, थोडं इकडे-तिकडे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माझे दाजीच असावेत असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची जीप दुकानात होती. तिच्या हेडलाइटमध्ये मीच घातलेले एलईडी बल्ब होते. मालकाला विचारून रात्री नऊला ती मागच्या मोकळ्या जागेत नेली. टेपने ८ मीटर मोजले, खूण केली, त्या जागी मोटारसायकल उभी केली आणि तिच्यावर बसलो. माझ्याकडचा पोरगा जीपमध्ये बसला. त्याने दिवे डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या उजेडावर, लावले. मी त्याला तीनदा ओरडून विचारलं, डिपरवर आहे ना? तिन्ही वेळा तो हो म्हणाला. खात्री करायला उठून स्वतः जाऊन बघितलं. डिपरच होता. परत येऊन बसलो आणि त्याला दिवे बंद करायला सांगितलं. तो गाडीतून उतरून चालत माझ्यापर्यंत आला, तरी मला हातातला टेप दिसत नव्हता.

मग त्याच जीपमध्ये साधा हॅलोजन बल्ब परत घातला आणि त्याच जागी बसलो. दिवा समोर दिसत होता, पण डोळ्यात घुसत नव्हता. जीपच्या पुढची जमीन दिसत होती, गटाराची कड दिसत होती.

असं का होतं, ते सांगायला मला एक बल्ब हातात घ्यावा लागतो. पत्रात शब्दांवर भागवतो. आपल्या जुन्या जीपांना आणि बुलेटला जो सात इंची गोल दिवा असतो, त्यात एच-फोर नावाचा बल्ब बसतो. अप्परला, म्हणजे लांबच्या सरळ उजेडाला, ६० वॉट, डिपरला ५५. आत दोन बारीक तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणजे रिफ्लेक्टरच्या, दिव्यातल्या चकचकीत वाडग्याच्या, फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर फेकला जातो. वाटीची एक कड तिरकी असते, त्यामुळे आपल्याकडच्या दिव्यात डावीकडचा उजेड थोडा वर चढतो आणि रस्त्याची डावी कड, पाटी, चालणारा माणूस दिसतो. उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूला, उजेड खालीच राहतो. दिव्याच्या डूमची, म्हणजे काच आणि रिफ्लेक्टरच्या अख्ख्या भांड्याची, सगळी घडण ही तार मिलिमीटरच्या हिशोबाने नेमकी कुठे आहे यावर बेतलेली आहे.

एलईडी बल्बमध्ये ती तार नाही. एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. तार जिथे असायला हवी तिथे त्या नेमक्या बसत नाहीत आणि चारी बाजूंना सारखा उजेडही टाकत नाहीत. मग रिफ्लेक्टर त्याला मिळेल तो उजेड मिळेल तिकडे फेकतो. काही झाडावर, काही समोरच्याच्या तोंडावर, आणि पुष्कळसा बंपरच्या पुढच्या पाच-दहा मीटरमध्ये. त्या शेवटच्या भागामुळेच गिऱ्हाईक खूश होतं. बोनेटपुढे दूध सांडल्यासारखा पांढरा उजेड पडतो आणि वाटतं, वा, काय लाइट आहे. पण जवळचा उजेड फार झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी काळं दिसतं. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. पुढचे दहा मीटर लख्ख दिसून करायचं काय? तिथलं दिसेपर्यंत गाडी तिथे पोचलेली असते.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाईक घरी गेल्यावर मला कळायची. एलईडी बल्बच्या मागे छोटा पंखा असतो. तो डूममागच्या रबरी टोपणात मावत नाही, म्हणून टोपण कापायचं किंवा काढूनच टाकायचं. जीप ओढ्यातून गेली, चिखल उडाला, पंखा धुळीने भरला, डूममध्ये वाफ धरली. एका पावसाळ्यात रिफ्लेक्टरची चांदी गेली. मग परत तोच जुना हॅलोजन बल्ब लावला तरी त्या डूममधून काही पडत नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. लाइट पडत नाही, तर करायचं काय?

वस्ताद बल्बला आधी हात लावायचे नाहीत. ते व्होल्ट मोजायचा मीटर काढायचे. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर बघायचे आणि मग बल्बच्या मागच्या कपलरवर, म्हणजे वायरीच्या जोडावर, बघायचे. माझ्या वहीत अशा जुन्या जीपचे आकडे आहेत. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बवर ११.४. मधले पावणेतीन व्होल्ट गेले कुठे? जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीकडून डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये, तिथून डिपरच्या स्विचमध्ये, आणि तिथून लांबच्या बारीक वायरीतून पुढे येतो. दोन बल्ब म्हणजे नऊ-दहा अँपिअर. प्रत्येक झिजलेल्या पॉइंटवर, प्रत्येक हिरव्या पडलेल्या कपलरवर थोडे थोडे व्होल्ट जातात. अर्थिंग तर कुणी बघतच नाही. मडगार्डवर रंगावर स्क्रू मारून अर्थ दिलेला असतो.

हॅलोजनचं एक गणित आहे. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की उजेड दहा टक्के कमी होत नाही, तीस टक्के कमी होतो. ११.४ व्होल्टवर त्या बल्बचा उजेड त्याच्या ठरलेल्या उजेडाच्या साठ टक्क्यांवर आला होता. माणूस बल्बला शिव्या देतो आणि बल्ब बिचारा अर्धपोटी काम करत असतो.

उपाय जुना आहे. दोन रिले, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू करणारे स्विच घ्यायचे, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीच्या टर्मिनलजवळच फ्यूज टाकून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला आणायची, ८७ नंबरवरून तशीच जाड वायर दिव्याला न्यायची. जुन्या हेडलाइटची वायर फक्त रिलेला इशारा द्यायला ८६ वर, आणि ८५ ला अर्थ. दिव्याचा अर्थ तेवढ्याच जाड वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. वायरीच्या टोकाचे धातूचे लग नीट दाबून बसवायचे, नुसती वायर पिळून टेप गुंडाळायची नाही. कपलरमध्ये ग्रीस. ओढ्यात जाणारी गाडी असेल तर वायर कपलरच्या खाली झोळ देऊन मग वर घ्यायची, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जातं, कपलरमध्ये उतरत नाही. त्या जीपला हे केल्यावर बल्बवर १३.६ व्होल्ट आले. उजेड जवळजवळ पावणेदोनपट झाला. बल्ब तोच, ५५ वॉटचा. समोरच्याला आधीही त्रास नव्हता आणि आताही नाही, कारण उजेड वाढला पण त्याची जागा हलली नाही. माझ्याकडे मजुरीसकट हजार-बाराशे रुपयांत हे होतं. गिऱ्हाईक जी एलईडीची जोडी मागतं ती याहून महाग पडते.

नव्या जीपांबद्दल एक सावधगिरी. पुष्कळ नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरकडे, असतो. तिथे वायर कापून काही जोडू नका. नव्या गाडीत व्होल्ट बहुतेक पुरेसे असतातच. तिथे दिवा कमी वाटत असेल तर काच, बल्ब आणि दिव्याचा कोन बघा. काचेवर चिखलाचा पातळ थर वाळलेला असला तरी निम्मा उजेड खातो, आणि कच्च्या रस्त्यावरून आलेल्या जीपला तो थर असतोच. सोबत पाण्याची बाटली आणि फडकं ठेवा. घाट चढायच्या आधी दोन मिनिटं थांबा. माझ्या अनुभवात यापेक्षा स्वस्त सुधारणा नाही.

काही जण म्हणतात, मग ९०/१०० वॉटचा बल्ब घालतो. आमच्याकडे ही फॅशन एलईडीच्या आधी होती. जुन्या वायरिंगवर हा बल्ब घातला की करंट निम्म्याहून जास्त वाढतो, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, स्विच जळतो, रिफ्लेक्टर पिवळा पडतो. वितळलेले होल्डर मी डबाभर काढले आहेत. रस्त्यावर तो कायद्याने चालतही नाही. सोडून द्या.

आता टपावरचा बार, कारण सगळ्यांचं मन त्याच्यात अडकलेलं असतं. रस्त्यावर तो नको हे तर झालंच, पण जिथे तो वापरावा असं वाटतं तिथेही तो फार कामाचा नाही, आणि हे मी जीपवाल्यांच्या फायद्यासाठी सांगतो. कच्च्या वाटेवर रात्री आपल्याला बघायचं काय असतं? दगड किती वर आलाय, खड्डा किती खोल आहे, चाकोरीची कड कुठे आहे. हे सगळं सावलीवरून कळतं. दिवा खाली, बंपरच्या उंचीवर असला की दगडामागे लांब सावली पडते आणि खड्ड्याच्या पोटात काळोख दिसतो. दिवा टपावर, आपल्या डोळ्यांच्याच वर असला की आपल्याला दिसणाऱ्या बाजूला सावलीच उरत नाही. सगळी वाट सपाट, पांढरी दिसते आणि चाक खड्ड्यात गेल्यावर खड्डा कळतो. शिवाय तो उजेड स्वतःच्याच बोनेटवर पडून आपल्याच डोळ्यात येतो. धुकं असेल किंवा पुढच्या जीपची धूळ असेल तर समोर पांढरी भिंत उभी राहते. वरंध्याच्या धुक्यात टपावरचा बार लावून गाडी चालवणं म्हणजे चादरीवर बॅटरी मारणं आहे. तिथे खालच्या बाजूला बसवलेले, रुंद आणि सपाट उजेड टाकणारे फॉग लॅम्प आणि डिपर एवढंच कामाला येतं, आणि वेग कमी करणं.

मग एलईडी वाईटच का? अजिबात नाही. डूमसकट अख्खा दिवा एलईडीसाठीच घडवलेला असेल तर तो हॅलोजनपेक्षा चांगला असतो, करंट कमी घेतो, कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी त्याची तार तुटत नाही कारण तारच नसते. पण घेताना काचेवर काय कोरलंय ते वाचा. वर्तुळात इंग्रजी ई आणि एक आकडा असेल तर तो संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे तपासलेला दिवा. त्याच्याजवळ बाण आहे का बघा. दिव्यासमोर उभं राहून बघताना बाण उजवीकडे रोखलेला असेल तर तो आपल्यासारख्या, डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठीचा. बाणाला दोन्ही टोकं असतील तर दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. अशा दिव्यात वर चढणारा उजेड उजव्या बाजूला असतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर नेमका समोरच्याच्या डोळ्यांवर. सात इंची गोल दिवा परदेशी जीपांनाही बसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी बनलेले दिवे ऑनलाइन सर्रास मिळतात आणि आपल्या डूममध्ये बिनबोभाट बसतात. बसतात म्हणून ते योग्य आहेत असं नाही.

खोक्यावर आणखी एक ओळ असते, बारीक इंग्रजी अक्षरांत: 'फॉर ऑफ-रोड यूज ओन्ली.' गिऱ्हाईक ती ओळ मला अभिमानाने दाखवतं, ऑफ-रोडसाठी खास बनवलाय म्हणून. त्या ओळीचा अर्थ असा आहे की हा दिवा सार्वजनिक रस्त्यावर लावायचा नाही. ही ओळ मराठीत आणि ठळक छापली तर निम्मी खरेदी थांबेल असं मला मनापासून वाटतं.

आता भिंत. नवीन दिवा असो की जुना, त्याचा कोन लावल्याशिवाय सगळं फुकट. सपाट जागा बघा, समोर भिंत हवी. टायरमध्ये हवा बरोबर भरा. गाडीत नेहमी जेवढं वजन असतं तेवढं ठेवा. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मधल्या बिंदूची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ मारा. तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिपर लावला की उजेडाची वरची सपाट कड या दुसऱ्या रेघेवर हवी, पाच सेंटिमीटर खाली गेली तरी चालेल, वर नको. गोल दिव्याच्या रिंगजवळ दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायला, एक डावं-उजवं करायला. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर या मापाने उजेडाची कड ९० मीटर पुढे जमिनीला टेकते. डिपरला एवढं पुष्कळ झालं.

हे माप किती नाजूक आहे ते बघा. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत समजा २४० सेंटिमीटर अंतर आहे. कुणी पुढचं सस्पेन्शन दोन इंच उचललं, किंवा मागे तीन माणसं, तंबू आणि पाण्याचे कॅन टाकून मागची बाजू दोन इंच बसली, तर गाडीचं नाक शंभराला दोन या हिशोबाने वर होतं. १० मीटरवर तो उजेड २० सेंटिमीटर वर चढला. जो १० सेंटिमीटर खाली हवा तो १० सेंटिमीटर वर गेला. ती जीप आता डिपरवरही लोकांच्या तोंडावर प्रकाश टाकत चालली आहे आणि चालवणाऱ्याला वाटतं आहे की आपण तर डिपर मारला! माझ्याकडे लिफ्ट किट बसवलेल्या जेवढ्या जीपा आल्या, त्यातल्या एकाही मालकाला नंतर दिव्याचा कोन लावायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. त्याच १९८९ च्या नियमांतला १११ वा नियम म्हणतो की नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायचा नाही, आणि परवानगीही अपवादाच्या परिस्थितीतच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. एकदा शोरूममधून बाहेर पडली की पंधरा वर्षं तिच्या दिव्यांचा कोन कुणी मोजत नाही. जुन्या काळी हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका असायचा. वस्ताद ब्रशने तो रंगवायचे आणि मग गाडी पासिंगला जायची. शास्त्र म्हणून तो उपाय ओबडधोबड होता, पण समोरच्याच्या डोळ्यांची आठवण प्रत्येक गाडीच्या काचेवर होती.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. पीयूसीसाठी प्रत्येक गाडी वर्षातून एकदा, जुनी गाडी सहा महिन्यांतून एकदा, केंद्रावर जातेच. तिथेच एक पांढरा पडदा, त्यावर दोन रेघा आणि जमिनीवर चाकांची खूण असावी. डिपर लावून बघायला दोन मिनिटं लागतात. परिवहन खात्याने हे मनावर घ्यावं. आणि आपल्या पुरवणीला विनंती, की पुढच्या वेळी जीपांवर लिहाल तेव्हा टपावरचे दिवे पेटलेला फोटो जरूर छापा, पण तो कच्च्या वाटेवरचा असू द्या आणि डांबरी रस्ता लागला की त्यावर झाकण घालायचं असतं ही ओळ फोटोखाली येऊ द्या.

मी माझ्या वहीतल्या एकतीस जणांना फोन केले. अकरा जणांनी गाडी आणून बार उतरवून घेतले किंवा बंपरच्या खाली घेऊन वेगळा स्विच आणि झाकण बसवून घेतलं. चार जण रागावले. बाकीचे बघू म्हणाले. मजुरी कुणाकडूनच घेतली नाही, घेणारही नाही. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घातलेल्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. त्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांच्यासाठीच सांगतो. दुकानाच्या मागच्या भिंतीला मी चुना मारून घेतला आहे आणि १० मीटरवर फरशीत खूण पक्की केली आहे. दर रविवारी अंधार पडल्यावर नऊपर्यंत कुणाचीही जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणा, कोन फुकट लावून देईन. येताना गाडीत नेहमीचं वजन ठेवा. दाजींचा खांदा अजून पूर्ण वर जात नाही, त्यामुळे दूध आता भाचा नेतो, पण रविवारी ते येऊन बसतात. ८ मीटरच्या खुणेवर स्टूल टाकलं आहे, त्यावर तेच बसतात आणि डोळ्यात येतंय की नाही ते सांगतात.

आपला,
एक वायरमन
भोर, जि. पुणे